तुम्ही विचारलंत म्हणून: मथुरादास आला की मी का उठते

नाही, कॅन्सरमुळे नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेच उत्तर लिहिलेलं असतं. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला टीव्हीवर 'बॉर्डर' सिनेमा लागतो, त्यात मेजर झालेला सनी देओल मथुरादास नावाच्या जवानावर ओरडायला लागतो आणि मी उठून आत जाते. मग घरात नवी आलेली एखादी सून नाहीतर शेजारचा पोरगा विचारतोच, "काकू, काहून उठल्या?" त्याला लगेच कोणीतरी डोळ्यांनी दाबतं. मथुरादासच्या बायकोला कॅन्सर, काकूंनाही झालेला, तेव्हा गप बस. मला प्रश्नापेक्षा त्या दाबण्याचा राग येतो. वीसेक वर्षं उलटली. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी मानेवाड्यापर्यंत येते. त्या शब्दाने मी कोसळून पडेन असं कोणी समजू नये.

सीन तुम्हाला पाठच आहे. बायको आजारी म्हणून मथुरादास रजा मागतो, मेजर कुलदीपसिंग ती देतो. रजा मिळाल्याच्या आनंदात हा माणूस बाकीच्या जवानांसमोर नाचायला लागतो आणि मेजर त्याला सगळ्यांदेखत झाप झाप झापतो. पुढे तो परत येतो आणि लढताना मरतो.

1997 साली सिनेमा आला तेव्हा आम्ही गल्लीतल्या बायका टॉकीजला गेलो होतो. त्या झापण्यावर अख्खं थेटर शिट्ट्यांनी दणाणलं होतं. टाळ्या मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? तेव्हा मी अंगाने धडधाकट होते आणि माझा नवरा फौजेत आहे हे शेजारच्या खुर्च्यांना कळावं अशी माझी फार इच्छा होती. आता शिट्ट्या जाऊन हसणं आलंय. भाचा मिहानमधल्या कंपनीत आहे. तिथे कोणी शुक्रवारची सुट्टी टाकली की ग्रुपवर मथुरादासचा तुकडा येऊन पडतो. माझी त्याला हरकत नाही. हसणारे निदान कोणाला तोलत तरी नाहीत.

मेजरवरही माझा राग नाही, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. त्याने रजा आधी दिली होती! टाळ्या वाजवणारा हेच विसरतो. लढाई तोंडावर असताना आपल्या मोजक्या माणसांतला एक त्याने बायकोसाठी सोडला. तो ओरडला ते नाचण्यावर. ज्यांना घरी जाता येणार नाही त्यांच्यासमोर नाचू नये, हे मलाही मान्य आहे. पण प्रेक्षकांच्या डोक्यात उरतं ते वेगळंच: घरी जाणारा तो भेकड. आणि सिनेमाही शेवटी त्यांचीच बाजू घेतो, कारण मथुरादासला चांगलं ठरवायला त्याला मारावंच लागतं. जिवंत ठेवून, रजा भोगून परत आलेला जवान म्हणून का नाही दाखवलं?

सिनेमा ज्या लढाईवर आहे त्या खऱ्या लोंगेवालात 4 डिसेंबर 1971 च्या रात्री 23 पंजाब पलटणीचे शंभर-सव्वाशे जवान पाकिस्तानी रणगाड्यांसमोर टिकून राहिले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. आपले दोन जवान कामी आले. सिनेमात कितीतरी जास्त मरतात. सुनील शेट्टीने केलेले भैरोसिंग पडद्यावर धारातीर्थी पडतात, ते खरे भैरोसिंग 2022 पर्यंत राजस्थानात हयात होते. सिनेमावाल्यांना मरण लागतं, समजू शकते. पण मग त्यांच्या हिशेबाने आमची घरं मोजू नका.

आता 2002 चं सांगते. ते सांगितल्याशिवाय हे सगळं नुसतं कुरकुरणं वाटेल.

संसदेवर हल्ला झाला तेव्हापासून यांची पलटण जैसलमेरच्या बाजूला वाळूत होती. सुरुंग पेरायचं काम. एप्रिलमध्ये मला गाठ लागली, तपासणीचा रिपोर्ट आला. तार केली: वाइफ सीरियस. आईच्या, बायकोच्या नावाने खोट्या तारा करणारे पुष्कळ, म्हणून आमच्याकडे चौकशीला माणूस आला. ओट्यावर बसवून मी त्याला रिपोर्टची फाइल दाखवली. त्याने ती उलटी-पालटी केली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बरं झालं, खरी निघाली." बिचाऱ्याला आपण काय बोललो ते कळलंही नाही.

हे आले ते मेच्या मध्यावर. त्याच आठवड्यात, 14 मेला, जम्मूजवळ कालूचकला जवानांच्या फॅमिली क्वार्टरमध्ये घुसून बायका-पोरं मारली गेली होती. लढाई आज लागते की उद्या, असं सगळीकडे वातावरण. हे मथुरादाससारखे नाचत वगैरे आले नाहीत. बॅग ठेवली, पाय धुतले आणि सरळ विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" पण गल्लीत निघाले की प्रत्येक जण तेच: "अरे, तुमी इथं? तिकडं तर लढाई सुरू होऊन राहिली." सुरुवातीला हे सांगायचे, बायकोचं ऑपरेशन आहे. नंतर सांगेनासे झाले. दूध आणायला मुलाला पाठवायला लागले.

ऑपरेशन झालं. एक बाजू काढली. मी घरी आले तेव्हा काखेखालून नळी होती आणि तिच्या टोकाला पाणी जमा व्हायची पिशवी. नागपूरचा मे महिना, अंगाला घट्ट पट्टी, घामाने जीव नकोसा. मी आतल्या खोलीत कुलरसमोर पडून असायचे. एका रात्री केबलवाल्याने 'बॉर्डर' लावला. त्या दिवसांत रोज असलंच काहीतरी लावायचा. हॉलमध्ये हे, मुलं, नणंद आणि मला पाहायला आलेले यांचे चुलतभाऊ. मी पडद्यावरचं काही पाहिलं नाही, फक्त ऐकलं. सनी देओलचा आवाज भिंतीतून आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मोठा तर शिट्टी मारायला शिकला होता. आणि त्यावर चुलत दिराचा आवाज: "पाहा, अशेई राह्यतात फौजेत. लढाई लागली का यायले बायकोची आठवन येते."

कोणी काही बोललं नाही. नणंदसुद्धा नाही, आणि ती एरवी कोणाला सोडत नाही. मी यांच्या आवाजाची वाट पाहत होते. एक वाक्य पुरे होतं. तेही आलं नाही. मग खुर्ची सरकली, मागचं दार वाजलं आणि हे कुलरमध्ये पाइप लावून उभे राहिले. कुलर भरला. पाणी वरून वाहायला लागलं, खिडकीखाली फरशीवर पडायला लागलं, तरी पाइप काढेनात. मी आतून हाका मारतेय, "अहो, भरला, भरला." जाळीच्या पलीकडे माणूस उभा आहे हे मला कळत होतं. हात मात्र हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी हे स्टेशनवर जाऊन जोधपूरकडचं तिकीट काढून आले. रजा शिल्लक होती, माझे टाके निघायचे होते. नळी काढायला मग नणंद आली सोबत.

युद्ध झालंच नाही. ऑक्टोबरमध्ये फौजा मागे घ्यायचं ठरलं. तरी त्या महिन्यांत सुरुंगांनी आणि अपघातांनी शेकडो जवान गेले. हे धडधाकट परत आले, तोवर केमोने माझे केस जाऊन पुन्हा खुंट आले होते.

इतकी वर्षं मी सांगत आले की मीच त्यांना पाठवलं. महिला मंडळात, हळदीकुंकवाला, "मीच म्हटलं, जा," आणि बायका माझ्याकडे कौतुकाने पाहायच्या. जा म्हटलं होतं, हे खरं आहे. पण तिकीट खिशात घालून आलेल्या माणसाला म्हटलं की आदल्या रात्री, हे मला आता नीट लावता येत नाही. कधीकधी त्या वेळच्या माझ्याशीच मी भांडते. बाई गं, अडवायचं तरी. हात धरायचा. ती उलट म्हणते, घरात मान खाली घालून बसलेला नवरा तुला पाहवला असता का? चार दिवस आणखी राहून त्याने काय केलं असतं, कुलर भरला असता? तिच्यापुढे माझं काही चालत नाही. पण पटतही नाही.

यांना विचाराल तर हे हसतील. यांना तो सीन आवडतो. दर वेळी मन लावून पाहतात आणि म्हणतात, "साहेब बरोबरच बोलले." माझं हे सगळं ऐकवलं की म्हणतात, "सिनेमा पाहून कोणी परत जातं काय? माझ्या पलटणीतली पोरं तिकडे सुरुंगात होती. एकाचा पाय गेला होता मार्चमध्ये. मी इथं झोपू शकत नव्हतो, तेवढंच." असेलही. पोरं तर आधीही सुरुंगातच होती, तिकीट मात्र त्या रात्रीनंतर निघालं, हे मी म्हणते. मग ते पेपर उघडतात.

चुलत दिराला तर काही आठवतच नाही. मागच्या दिवाळीला फराळ करता करता मी विचारलं. लाडू खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, काहीतरीच काय? मी मथुरादासबद्दल बोललो असन." मथुरादासबद्दलच बोलले होते ते. मी कुठे नाही म्हणते?