मधाच्या चवीचे स्वस्त व्हिस्की लिक्युर : नोंद सातवी

आल्याच्या पाकाचा प्रयोग फसल्याचे सहाव्या नोंदीत लिहिले होते. त्यानंतर दोन आठवडे मद्याच्या कपाटाला हात लावला नाही. या वेळी मात्र, घरात असलेल्या स्कॉचच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळालेली, मधाच्या चवीच्या व्हिस्की लिक्युरची (लिक्युर म्हणजे साखर व स्वाद घातलेले मद्य) ७५० मिलीची बाटली तपासायला घेतली. ती नुसती पिण्यासाठी आणलेली नव्हती. एवढ्या स्वस्त बाटलीचा कॉकटेलमध्ये नेमका कोणता उपयोग होतो, एवढेच पाहायचे होते.

लेबलवर मद्यार्क ३३ टक्के आहे. आपल्याकडच्या बहुतेक देशी व्हिस्कीवर ४२.८ टक्के हा आकडा असतो, त्यामुळे फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवावा लागतो. युरोपीय नियमांनुसार व्हिस्कीत साखर किंवा स्वाद मिसळता येत नाही आणि तिचा मद्यार्क किमान ४० टक्के लागतो, म्हणून असे पेय तिथे व्हिस्की या नावाने विकता येत नाही. अमेरिकेत मात्र स्वादयुक्त व्हिस्की असा वेगळा वर्गच असून त्यासाठी ३० टक्के मद्यार्क पुरतो. नावात व्हिस्की आहे म्हणून पेयाकडून व्हिस्कीचीच अपेक्षा ठेवायची, ही चूक मीही पहिल्या संध्याकाळी केलीच.

त्या संध्याकाळी ३० मिली लिक्युर काही न मिसळता, बर्फाशिवाय घेतले. वास मधाचा कमी आणि मधाच्या गोळीचा अधिक होता. मागे व्हॅनिला, आणि त्याही मागे लहानपणीच्या खोकल्याच्या औषधाची आठवण. ब्लेंडर, म्हणजे व्हिस्कीचे मिश्रण ठरवणारी मंडळी, मद्य साधारण २० टक्क्यांवर आणून हुंगतात, म्हणून पुढच्या ३० मिलीत २० मिली पाणी घातले. तेव्हा लाकडाचा थोडासा गंध वर आला, पण बेकरीतल्या इसेन्सची छटाही तितकीच उघडी पडली. खऱ्या मधात फुलांचा जो किंचित कडसर शेवट असतो, तो इथे नाही. सामान्य तापमानाला गोडी जिभेवर अधिक जाणवते, थंडाव्यात ती दबते. त्यामुळे एवढ्यावरच बाटलीला नापास करणे अन्यायाचे ठरले असते.

खरी माहिती मिळाली ती साखर मोजल्यावर. रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण द्रवात प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगते. मद्यार्क असताना त्याचे वाचन फसवे येते, कारण मद्यार्कही प्रकाश वाकवतो. म्हणून ५० मिली लिक्युर स्टीलच्या वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली आणि द्रव निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवला. हे काम इंडक्शनवर, खिडक्या उघड्या ठेवूनच करावे; मद्यार्काच्या वाफेजवळ गॅसची ज्योत नको. नंतर गार करून, गाळलेले पाणी घालून पुन्हा बरोबर ५० मिली केले. वाचन २४ ब्रिक्स आले, म्हणजे १०० ग्रॅम द्रवात २४ ग्रॅम साखर; घनता लक्षात घेता १०० मिलीत सुमारे २६ ग्रॅम साखर. लिक्युरसाठी युरोपात साधारणपणे लिटरला किमान १०० ग्रॅम साखर लागते. इथे त्याच्या अडीचपट भरली.

या आकड्याने सगळे गणित बदलले. माझ्या नेहमीच्या व्हिस्की सावरमध्ये ६० मिली व्हिस्की, २२ मिली लिंबाचा रस आणि २२ मिली पाक असतो. साखर व पाणी समान वजनाने घेतलेल्या या पाकातून साडेतेरा ग्रॅम साखर येते. पहिल्या फेरीत मी व्हिस्कीच्या जागी सरळ ६० मिली लिक्युर ओतले आणि सवयीने पाकही घातला. साखर दुपटीहून अधिक झाली. नेहमी फक्त व्हिस्की-सोडा घेणारे मामासाहेब त्या दिवशी चव पाहायला आले होते. एक घोट घेऊन ते म्हणाले, “अहो, ही व्हिस्की नाही, हा पाक आहे. आपण तो बाटलीतून विकत आणलात, एवढंच.” चिडून म्हटलेले ते वाक्य त्या आठवड्यातील सर्वांत उपयोगी टिप्पणी ठरले.

दुसऱ्या फेरीत पाक पूर्ण वगळला. ३५ मिली व्हिस्की, ३० मिली लिक्युर, १५ मिली कागदी लिंबाचा रस आणि चिमटीच्या टोकावर मावेल इतके मीठ. शेकरमध्ये बर्फाबरोबर बारा सेकंद हलवले. पेय किंचित आंबटाकडे झुकले, पण इसेन्सचा वास लिंबाच्या वासाखाली दबला. घरच्या फ्रिजमधला ओलसर बर्फ लवकर वितळतो, त्यामुळे त्याहून जास्त वेळ हलवल्यास पेय पाणचट होते.

ओल्ड फॅशन्ड या व्हिस्की, साखर आणि बिटर्सच्या कॉकटेलमध्ये याहून चांगले जमले. ४५ मिली व्हिस्कीला १५ मिली लिक्युर घेतले, तर साधारण ४ ग्रॅम, म्हणजे साखरेच्या एका घडीव तुकड्याइतकी साखर येते. अँगोस्तुरा बिटर्सचे, म्हणजे कडू मसालेदार अर्काचे, दोन शिंतोडे आणि मध्य प्रदेशातल्या आगर-माळव्याकडच्या संत्र्याची साल पिळून पडणारे तेल, एवढ्याने काम झाले. ही साल पातळ असते. आतला पांढरा भाग फारसा येत नाही, हा फायदाच.

रस्टी नेल मात्र जमले नाही. ते स्कॉच आणि ड्रॅम्बुईचे पेय आहे, आणि ड्रॅम्बुईत हेदरच्या फुलांच्या मधाबरोबर वनौषधी व मसाले असतात. माझ्या बाटलीत ती बाजूच नाही, त्यामुळे केवळ गोड स्कॉच हाती आली. बिटर्स वाढवून पेय सुधारले, पण त्याला रस्टी नेल म्हणणे धाडसाचे होईल.

इंदुरात राहून जिरावणाचा, म्हणजे इथे पोह्यांवर भुरभुरतात त्या मसाल्याचा, मोह आवरत नाही. ग्लासच्या अर्ध्या कडेला लिंबू फिरवून जिरावण लावले आणि आत लिक्युर, लिंबू व भरपूर सोडा घातला. काळे मीठ आणि आंबटपणा गोडीला छान छेदतात. सावरमध्ये मात्र तोच मसाला मधाची चव पूर्ण झाकून टाकतो, आणि पोह्यांची आठवण काही केल्या जात नाही.

बाटलीत अजून अर्ध्याहून थोडे जास्त उरले आहे. ती आता स्कॉचच्या शेजारून काढून पाकाच्या बाटलीजवळ ठेवली आहे. पुढच्या नोंदीसाठी यातले १०० मिली वेगळे काढून त्यात एक लवंग व दालचिनीचा लहान तुकडा टाकला आहे. लवंग फार लवकर चढते, म्हणून दर सहा तासांनी चव पाहत आहे.