कमानीअलीकडची पाच मिनिटं

शहराच्या मध्यभागात शिरायला पैसे पडू लागले की लोक गाडी सोडून बसमध्ये बसतील, ही अपेक्षा भाबडी आहे. आधी माणूस घड्याळ बघतो. सिंगापूरने जून १९७५मध्ये असा परवाना लावला, तो सकाळी ७.३० ते ९.३० या वेळेपुरता. मग काय, ९.३० वाजून गेले की गाड्यांची झुंबड! काही आठवड्यांतच ही वेळ १०.१५पर्यंत वाढवावी लागली. चार माणसं बसलेल्या गाडीला माफी होती, तर चालक बसथांब्यावरची अनोळखी माणसं गाडीत घेऊ लागले.

१९९८मध्ये तिथे रस्त्यांवर कमानी आल्या, गाडी खालून गेली की पैसे आपोआप कापले जाऊ लागले आणि दर वेळेनुसार बदलू लागला. दर उतरायला थोडाच वेळ उरला की काही जण कमानीअलीकडे रेंगाळायचे. चढणार असला की वेग वाढवायचे. दोन्ही धोक्याचंच. उपाय निघाला तो असा की, दर एकदम बदलायचा नाही, मध्ये पाच मिनिटं मधला दर ठेवायचा. थांबून वाचणारी रक्कमच इतकी लहान झाली, की थांबण्यात राम उरला नाही. मला तरी या सगळ्या यंत्रणेतली ही सर्वात शहाणी गोष्ट वाटते.

लंडनने फेब्रुवारी २००३मध्ये दिवसाचे ५ पौंड लावले. एकदा भरले की दिवसभर कितीही ये-जा करा. दिवसभर आत-बाहेर करणाऱ्या मालाच्या गाडीला हे परवडतं. एका कामापुरत्या येणाऱ्याला जड जातं. शिवाय ‘भरलेच आहेत तर’ म्हणून दुसरी फेरीही होतेच.

स्टॉकहोममध्ये हद्द ओलांडताना दर वेळी पैसे, जातानाही आणि येतानाही. २००६मध्ये दर होता गर्दीच्या वेळी २० स्वीडिश क्रोनर, दुपारी १०, दिवसाला कमाल ६०. त्या वर्षीच्या सात महिन्यांच्या प्रयोगात हद्दीवरची वाहतूक सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. प्रयोग थांबला आणि बहुतेक गाड्या परत आल्या.

ठरलेल्या वेळी कामावर हजर व्हावं लागणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही, तो मुकाट्याने भरतो. खरेदी किंवा भेटीगाठी मात्र पुढेमागे सरकतात. काही जण टोल चुकवायला लांबूनही जातात.

आणि बस? स्टॉकहोमने ऑगस्ट २००५मध्येच, टोलच्या चार महिने आधी, जादा बस सोडल्या होत्या. तेवढ्याने गाड्या फारशा कमी झाल्या नाहीत. टोल लागल्यावर झाल्या.