तो एक श्वास

"मामा, थांब, मागे घे जरा. तो आत्ता डोळे उघडून श्वास घेतो ना, ते परत दाखव."

रात्री जेवणं झाल्यावर भाचीला निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडचं एमटीव्ही अनप्लग्ड (वाद्यं विजेला न जोडता वाजवायची टीव्हीवरची मैफल) लावून दिलं होतं. नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क. स्टेजवर लिलीची फुलं, मेणबत्त्या, बँडचा गायक कर्ट कोबेनच्या अंगात ढगळा हिरवट स्वेटर. शेवटचं गाणं त्याचं स्वतःचं नाहीच, लेड बेली हा जुना अमेरिकी ब्लूज गायक गायचा ते लोकगीत. शेवटच्या ओळीत आवाज फाटतो, तो थांबतो, डोळे उघडतो, श्वास घेतो आणि मग उरलेले शब्द.

आम्ही ते चार वेळा मागे घेतलं.

मी लगेच माहिती पाजळली : नंतर पाचच महिन्यांत, एप्रिल १९९४ मध्ये, तो गेला. वय २७. ती वैतागली. "आधी का सांगितलंस? आता मला तेच दिसणार."

खरंच की. मलाही इतकी वर्षं तेच दिसतंय. फुलं पाहिली की अंत्ययात्रा, डोळे पाहिले की निरोप. (अनप्लग्ड म्हणायचं, पण त्याची गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली होती, हे सांगायचं राहूनच गेलं.)

त्या रात्री समोर बसलेल्यांना तो श्वास कसा ऐकू आला असेल?