खाली बसवलेली स्विफ्ट मूळ उंचीवर आणताना

माझ्या भाच्याची बंगळूरला बदली झाली आणि त्याची 2013 सालची स्विफ्ट इंदूरला आमच्याकडे राहिली. त्याने ती मोठ्या हौसेने बदलून घेतलेली होती. चारही स्प्रिंगा कापून गाडी सुमारे 55 मिलिमीटर खाली बसवलेली, मूळच्या 14 इंची चाकांच्या जागी 17 इंची ॲलॉय, त्यांवर 205/45 मापाचे (205 मिलिमीटर रुंद, भिंत रुंदीच्या 45 टक्के उंच) टायर, चाके बाहेर काढण्यासाठी 15 मिलिमीटरचे स्पेसर (चाकामागे बसवायच्या चकत्या) आणि शिवाय चाकांचा वरचा भाग मुद्दाम आत कललेला. गाडी मी घ्यायची, पण ती मूळ स्थितीत आणल्यावरच नावावर करायची, असे आमचे ठरले. हे काम कसे झाले, ते अशाच गाड्या विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी लिहून ठेवत आहे.

नावावर करण्याआधीच काम संपवण्याचा आग्रह कायद्यामुळे होता. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमानुसार गाडीचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या 182-अ कलमात अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ही जबाबदारी मालकाची असते, त्यामुळे बदल कोणी करून घेतले याला गाडी नावावर झाल्यानंतर फारसा अर्थ उरत नाही. तरीही खरे सांगायचे तर मला दंडापेक्षा गाडीच्या चालण्याची काळजी अधिक होती.

गाडी शहरात कशीबशी चालत असे. खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढे भेरूघाटात मात्र ती वेगळीच वागू लागली. वळणाच्या मध्यावर लहानसा उंचवटा आला की पुढचे बाहेरचे चाक क्षणभर पकड सोडून देई आणि गाडी वळणाबाहेर सरके. सरळ रस्त्यावर जड वाहनांमुळे पडलेल्या घळी असल्या की स्टेअरिंग आपोआप त्या घळींच्या मागे जाई. आमच्या शेजारी राहणारे काका पीथमपूरच्या एका कारखान्यातून सस्पेन्शनचे काम करून निवृत्त झालेले आहेत. ज्या पीथमपुरात गाड्यांच्या चाचणीसाठी 11.3 किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी आहे, तिथून तासाभराच्या अंतरावर लोक ग्राइंडरने स्प्रिंगा कापतात, याचे त्यांना मनस्वी दुःख होते. "आधी काहीही उघडू नकोस, आधी माप," हे त्यांचे पहिले वाक्य होते.

त्यांच्या सांगण्यावरून मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची चारही अंतरे मोजली. डाव्या-उजव्या बाजूंत 9 मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे स्प्रिंगा सारख्याही कापलेल्या नव्हत्या. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन मोजण्याच्या, यंत्रावर पुढच्या चाकांचा कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) उणे अडीच अंशांच्या, म्हणजे वरून आत कललेला, आसपास आला आणि टो (वरून पाहता चाकांच्या पुढच्या कडांचा रोख) बाहेरच्या दिशेला होता. टायरांची आतली कड तारांपर्यंत झिजलेली होती, बाहेरची नव्यासारखी. मागे तर कॅम्बर बदलण्याची सोयच नसते, कारण स्विफ्टला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई, आहे. तिथे हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि बीम यांच्यामध्ये पाचर घालून चाके कलवलेली होती.

भाच्याचा युक्तिवाद असा की गाडी खाली गेली म्हणजे गुरुत्वमध्य खाली गेला, मग ती वळणावर अधिक स्थिर व्हायला हवी. हा युक्तिवाद खोटा नाही, अपुरा आहे. वळणावर गाडीचे शरीर ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, कोनावर अवलंबून असतो. स्विफ्टसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बर एकाच उभ्या खांबात असलेल्या) गाडीत मूळ उंचीला लोअर आर्म साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी फार खाली बसवली की त्याचे चाकाकडचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाते आणि हा कलण्याचा बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी वेगाने खाली घसरतो. दोहोंमधले अंतर, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ, कमी होण्याऐवजी वाढते. मग गाडी फारशी कलताना दिसत का नाही? एक तर स्प्रिंग कापल्याने ताठ झालेली असते: सहा कार्यरत वेढ्यांपैकी दीड वेढा कापला तर उरलेल्या साडेचार वेढ्यांचा ताठपणा एक तृतीयांशाने वाढतो. दुसरे म्हणजे शॉकॲब्जॉर्बरची दांडी आधीच इतकी आत गेलेली असते की थोड्याशा कलण्याने ती रबरी स्टॉपरवर आदळते. त्या क्षणी त्या चाकाचे सस्पेन्शन जवळजवळ संपते, सगळा भार टायरवर एकदम पडतो आणि पकड सुटते. घाटात मला जाणवलेली सरक हीच होती. रस्त्यातल्या घळींवर स्टेअरिंग फिरण्याचे कारणही याच कोनांत आहे, कारण टाय रॉड (स्टेअरिंगने चाक वळवणारी दांडी) आणि लोअर आर्म यांचे वर-खाली होण्याचे मार्ग मूळ उंचीलाच एकमेकांशी जुळवलेले असतात.

कापलेल्या स्प्रिंगेत आणखी एक धोका असतो आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. जॅकवर गाडी उचलून चाके लोंबकळू दिली, तेव्हा मागची एक स्प्रिंग आपल्या बैठकीत चक्क हाताने फिरत होती. गाडी उसळून चाक पूर्ण खाली गेले तर अशी स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते. काकांनी ती फिरवून दाखवल्यावर गाडी दुरुस्त होईपर्यंत शहराबाहेर न्यायची नाही, हे ठरून गेले.

कामाचा क्रमही त्यांनीच लावून दिला. आधी स्पेसर आणि पाचरी काढायच्या, मग चाके, मग स्प्रिंग-शॉकॲब्जॉर्बर आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट. एका गॅरेजात मला आधी अलाइनमेंट करून "पाहून घ्या" असे सुचवले होते, पण उंची बदलली की सगळे कोन पुन्हा बदलतात, त्यामुळे तो खर्च वाया गेला असता. स्पेसर निघाल्यावर पुढच्या डाव्या बेअरिंगचा घुमणारा आवाज स्पष्ट ऐकू आला. चाक बाहेर गेले की बेअरिंगवरची तरफ वाढते, शिवाय स्टेअरिंगच्या अक्षापासून टायरच्या मध्याचे अंतर बदलल्याने ब्रेक मारताना एका बाजूला ओढ बसते. ते बेअरिंग बदलावे लागले. ॲलॉयच्या मध्याचे छिद्र 73.1 मिलिमीटरचे होते, तर सुझुकीचा हब 54.1 मिलिमीटरचा. मधली पोकळी भरणारी रिंग नव्हतीच, म्हणजे चाक इतके दिवस केवळ नटांच्या जोरावर मध्यभागी राहत होते.

टायरांच्या बाबतीत एक गोष्ट भाच्याने बरोबर केली होती. 165/80 आर14 चा एकूण व्यास सुमारे 620 मिलिमीटर आणि 205/45 आर17 चा सुमारे 616, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडला नव्हता. मात्र टायरच्या भिंतीची उंची 132 वरून 92 मिलिमीटरवर आली होती आणि त्याने घेतलेल्या टायरचा भार निर्देशांक 84 म्हणजे 500 किलोचा होता, जेव्हा मूळ टायर 85 चा, 515 किलोचा असतो. रुंद टायर घेऊन भारक्षमता कमी झाली, हे त्याला फोनवर सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मी 185/65 आर15 घेतले, कारण याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कंपनी तेच माप देते आणि त्याचा निर्देशांक 88 असतो.

कापलेली स्प्रिंग परत जोडता येत नाही. नव्या स्प्रिंगा, पुढचे स्ट्रट, मागचे शॉकॲब्जॉर्बर, स्टॉपर आणि वरची माउंटिंग हे सगळे नवे घेतले, कारण सतत आत दबून चाललेल्या शॉकॲब्जॉर्बरमधून तेल गळत होते. लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर) बसवताना मेकॅनिकने गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळायला घेतले. काकांनी त्याला थांबवले. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे असतात, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. मेकॅनिक मनातून नाराज झाला, पण त्याने ऐकले.

दिवाळीत भाचा आला आणि घाटातून गाडी चालवून परतल्यावर म्हणाला, "मामा, आता ही जास्त कलते." कलते हे खरेच होते. मऊ स्प्रिंगेची गाडी कलते, पण हळूहळू कलते, आणि चारही टायर रस्त्याला धरून राहतात. त्याचे एक म्हणणे मात्र मी मान्य करतो: स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बर एकमेकांसाठी बनवलेला संच घेऊन गाडी 25-30 मिलिमीटर खाली आणणे आणि ग्राइंडरने वेढे कापणे, या दोन गोष्टी चालण्याच्या दृष्टीने एका मापाने तोलू नयेत. उलट टोकाच्या हौशीही तितक्याच घातक असतात. अमेरिकेत पिकअप पुढून उचलून मागून बसवण्याची लाट आली, तेव्हा नॉर्थ कॅरोलिना राज्याने 1 डिसेंबर 2021 पासून पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून अधिक उंच ठेवण्यास बंदी घातली. अशा गाडीत चालकाला समोरचा रस्ता दिसत नाही, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि ज्या चाकांनी वळायचे त्यांच्यावरचा भार कमी होतो.

कागदपत्रांचे काम त्या मानाने सोपे गेले. मालकी हस्तांतरणाच्या नमुना 29 आणि 30 वर सह्या झाल्या, अलाइनमेंटचा अंतिम अहवाल आणि सुट्या भागांच्या पावत्या मी जोडून ठेवल्या. विमा नावावर करून घेण्यासाठी हस्तांतरणापासून 14 दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तो झाल्याशिवाय आपोआप मिळत नाही. आधीच्या बदलांबद्दल विचारल्यावर मी सर्व काही लेखी दिले, तपासनीसाने गाडी पाहिली आणि नोंद झाली.

17 इंची ॲलॉय अजून माळ्यावर आहेत. घ्यायला येणाऱ्यांना मी आधी त्यांच्या गाडीच्या हबचे माप विचारतो, आणि त्यावर बहुतेक जण नुसता फोटो मागून निघून जातात.