बिनतारी हेडसेट घ्यावा की थांबावे?

संगणक आणि तारा यांच्याशिवाय चालणारा आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा पडदा, घ्यावा की नाही, या विचारात माझे दोन महिने गेले. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल मिळतात, म्हणजे २०२० मधल्या क्वेस्ट २ पेक्षा अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात. माझे घोडे मात्र वजनापाशी अडले. सुमारे अर्धा किलो हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो, पण एका मित्राचा तेवढ्याच वजनाचा हेडसेट अर्धा तास लावला, तेव्हा सगळा भार गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर आला, चष्म्याच्या काचांवर वाफ धरली आणि काढल्यावर कपाळावर लाल वळ उमटलेला दिसला. बॅटरी दोन तासांच्या आसपास टिकते, याची मला तक्रार नाही, कारण त्याहून जास्त वेळ माझी मान तरी कुठे साथ देणार?

एका जागी उभे राहून खेळताना काहीच त्रास झाला नाही. पण हातातल्या कंट्रोलरची कळ ढकलून पुढे सरकू लागलो, की डोळे सांगतात चाललो आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो थांबलो आहोत. त्या भांडणात माझे पोट ढवळले. तूर्त मागे वजन तोलणारा पट्टा लावून तोच हेडसेट आणखी आठवडाभर उसना ठेवणार आहे.