अडशो नहीं

दुपारी स्टोअरमधून फोन आला, "बेन, आ शुं आव्युं?" वॉरंटीच्या कागदावर मुदत छापून आली होती मार्च १९३१. पंपाला पाच वर्षांची वॉरंटी, साल नुसतं '३१' टाकलेलं. आमच्या प्रोग्रॅमच्या लेखी ०० ते २९ म्हणजे दोन हजार आणि ३० पासून पुढे एकोणीसशे. थोडक्यात, पंपाची वॉरंटी सयाजीराव महाराज गादीवर असतानाच संपली!

हा प्रोग्रॅम मला वारसाहक्काने आलाय. व्हिज्युअल बेसिक ६ मधला, म्हणजे १९९८ च्या प्रोग्रॅमिंग भाषेतला. त्या भाषेत लिहिण्याच्या साधनाचा मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच हात सोडला. विंडोज मात्र जुना प्रोग्रॅम अजून बिनबोभाट चालवून घेतं. लिहिणारे गृहस्थ कधीच गेले. मागे एक सीडी, आणि तिच्यातला कोड चालू प्रोग्रॅमशी पुरता जुळत नाही. जागोजागी 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट', म्हणजे चूक झाली तरी न बघता पुढची ओळ धरा. (आमच्या सासरीही हीच पद्धत आहे. असो.)

तारखेचं फंक्शन सापडलं, तर त्याच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांत एकच शेरा : 'अहीं अडशो नहीं'.

आणि मला आजी आठवली. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात माडीच्या तुळईखाली सुताराने एक टेकू लावला होता. जाताना त्यावर खडूने लिहून गेला, 'अडशो नहीं'. हात लावू नका. आजी साताऱ्याची, बडोद्यात नवीन. गुजराती अक्षरं जुळवत तिने वाचलं आणि म्हणाली, "बघा, सुतारसुद्धा लिहून गेलाय, काही अडणार नाही!" त्याच दिवशी टेकूला दोरी बांधून तिने नऊवारी वाळत घातली. पुढे अर्थ कळला, पण दोरी सुटली नाही. आम्ही त्याच टेकूला धरून गरगर फिरायचो.

वाडा पाडला तेव्हा मजुराने टेकू एका हाताने बाजूला केला. तुळई जागची हलली नाही. काका म्हणतात, तो कधी भार घेतच नव्हता. आत्या म्हणते, घेत होता, आईच्या ओल्या लुगड्यांनी सैल केला. दोघांचं यावरून अजून वाजतं.

मी फाइल बंद केली. स्टोअरला फोन करून सांगितलं, साल चार आकडी टाकत जा.

"हा, बेन," ते म्हणाले. उद्या पुन्हा ३१ टाकतील.