लोड काय आहे?

मी जनरेटर दुरुस्त करतो. बर्फाचे कारखाने, लग्नाचे हॉल, हॉटेलं, आणि घर किनाऱ्यावर असल्यामुळे बोटीसुद्धा. सिंधुदुर्गात या धंद्याला मरण नाही. वीज कधीही जाते आणि खारं वारं तांबं खात राहतं.

गेल्या नोव्हेंबरात एका बोटमालकाचा फोन आला. व्होल्टेज वरखाली होतंय, दिवे उडतायत, आजच्या आज या. दोन दिवसांवर अमावास्या होती, पण तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. पेटी उचलली आणि दुपारी जेटीवर पोचलो.

केबिनच्या मागे ताडपत्रीखाली जनरेटर होता, पंचवीस केव्हीएचा. बोटीवरच्या साध्या दिव्यांना, वायरलेसला, फिशफाइंडरला बॅटऱ्या पुरतात. पंचवीस केव्हीएवर आमच्या गावचा लग्नाचा हॉल एसीसकट चालतो. तिथेच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण हात कामाला लागले की माझं डोकं तेवढंच बघतं. टर्मिनलवर मिठाचा पांढरा थर, आणि एव्हीआरवर जळका डाग. व्होल्टेज आवरून धरणारी ही पेटी गेली की 230च्या जागी 300 येतात आणि एलईडीचे ड्रायव्हर पटापट मरतात. माझ्याकडे त्या मापाचा नवा एव्हीआर होता. टर्मिनल घासली, वायरी नव्याने काढल्या. सगळं बसेपर्यंत दिवेलागण झाली.

"लोड टाकून बघूया," मी म्हटलं. मालक खलाशाकडे बघून हसला. खलाशाने दुसरी ताडपत्री ओढली. खाली परातीएवढे दिवे होते, मागे ॲल्युमिनियमच्या जाड पंख्या. पाण्यात सोडायच्या दिव्याचं एक नळकांडं केबलला बांधून त्याने पाण्यात सोडलं आणि स्विच मारला.

मीटर 231वर थांबला. मीटरवर डोळे ठेवून मी खूश होतो. मग पाण्याकडे बघितलं. जेटीचं ते डिझेल तरंगणारं घाण पाणी आतून हिरवं पेटलं होतं. पाचएक मिनिटांत त्यात धुळीसारखं काहीतरी वळवळायला लागलं, मग पेडवे, म्हणजे बोटभर लांबीची मासळी, आले, गोल गोल फिरायला लागले, एकही बाहेर जाईना. उजेडाला आधी पाण्यातले बारीक जीव येतात, त्यांच्यामागे बारकी मासळी, तिच्यामागे मोठी. हे ऐकून माहीत होतं. बघितलं पहिल्यांदा. जेटीवरच्या एका पोराने नुसती बादली बुडवली आणि अर्धी भरून काढली. बाहेर खोल पाण्यात याच उजेडाभोवती पर्ससीनचं जाळं फिरवून तळ आवळला की काय होत असेल, ते सांगायला नको.

"बंद करा," मी म्हटलं. उजेड गेल्यावरही ते पेडवे थोडा वेळ तिथेच घोटाळत राहिले.

कायदा मालकाला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर 10 नोव्हेंबर 2017लाच बंदी घातली. राज्याने 2021मध्ये जुना 1981चा कायदा कडक केला, दंड 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत. 2025च्या जानेवारीपासून मत्स्य खात्याचे ड्रोनही फिरतात. "म्हणून तर दिवसा ताडपत्री," तो म्हणाला. मग कर्ज, डिझेल, खलाशांचा पगार. "बाहेरच्या राज्यातल्या बोटी उजेड लावून नेतात. मी नाही लावला तर मासा माझी वाट बघत थांबणार आहे?"

मी वाद घातला नाही. एव्हीआर काढूनही घेतला नाही. पैसे घेतले, ठरल्यापेक्षा पाचशे जास्त. हे लिहायचं नव्हतं, पण नाही लिहिलं तर बाकीचं कशाला लिहायचं?

दोन रात्रींनी, अमावास्येच्या काळोखात, काकांच्या अंगणात बसलो होतो. असल्या काळोखातच उजेडाची मासेमारी चालते. काका आधी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर होते, आता छोट्या होडीवर गिलनेट मारतात, मासा कल्ल्यात अडकतो ते जाळं. समुद्रात लांब पांढरा उजेड होता, गाव वसल्यासारखा. काका बघत होते. मी विषय काढला तो आडून. म्हटलं, तुमच्या होडीला फिशफाइंडर मीच बसवला, ते यंत्र चालतं, मग तो उजेड का नको?

"यंत्र माका मासो खंय हा ता सांगता," काका म्हणाले. "जाळा माकाच टाकूचा लागता, आणि बरेचदा रिकामाच येता. त्यांचो उजेड माझ्या हयलो मासो ओढून व्हरता."

मला हे पटलं. फक्त एवढंच की शेजारचा वल्ह्याची होडी चालवणारा काकांच्या इंजिनाबद्दल आणि त्या यंत्राबद्दल जे बोलतो, ते ऐकायला काही वेगळं नसतं. पण त्याचा मासा काकांनी बादलीत गोळा केलेला मी कधी बघितलेला नाही.

"कोणाची बोट ती, ठावूक हा तुका?" काकांनी विचारलं.

"नाय," मी म्हटलं.

तेव्हापासून बंदरावरून फोन आला की मी आधी विचारतो, लोड काय आहे? बर्फवाले लगेच सांगतात, कॉम्प्रेसर, इतक्या एचपीचा. काहीजण जरा थांबतात, आणि मग रेंज नाही म्हणून फोन ठेवून देतात.